निरंक लिहिण्याआधी

पत्र

आदरणीय डॉक्टर मॅडम,

मी एका दाटीवाटीच्या शहरी भागात आरोग्यसेविका आहे. नोकरीला सात महिने झाले. माझ्याकडे अकराशेच्या आसपास घरं आहेत. रोज साठ-सत्तर घरं फिरायची, ताप, पुरळ, जुलाब, बरेच दिवसांचा खोकला कुणाला आहे का ते विचारायचं, वहीत लिहायचं आणि संध्याकाळी पानाचा फोटो आमच्या ग्रुपवर टाकायचा, असं काम आहे.

गेल्या महिन्यात एका घरात सहा वर्षांच्या मुलाला गोवर निघाला. मी नाव-पत्त्यासकट यादी टाकली, कारण तशीच टाकायची असते. दुसऱ्या दिवशी ते अख्ख्या गल्लीला माहीत होतं. मुलाच्या आईला कामावरून निरोप आला की सध्या येऊ नकोस. ती मला एवढंच म्हणाली, “ताई, तुम्हाला विश्वासानं सांगितलं होतं.” तेव्हापासून त्या गल्लीत एकच उत्तर मिळतं, “आमच्याकडे सगळे बरे आहेत.” काही जण तर दारच उघडत नाहीत. इकडे शाळेतून कळतं की त्याच गल्लीतली तीन मुलं अंगावर पुरळ आलं म्हणून घरी आहेत.

साहेब म्हणतात, आकडे वाढले की वरून विचारणा होते. गल्लीत कुणी काही सांगत नसेल तर निरंक लिहून मोकळ्या व्हा. मॅडम, मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मी लोकांची चहाडी करते का? आणि या याद्यांनी रोग खरंच थांबतो का, की आम्ही नुसते आकडे वाहून नेतो?

– एक आरोग्यसेविका

उत्तर

ताई,

तुमचं पत्र वाचताना माझं लक्ष आधी त्या तीन मुलांकडे गेलं. सदर छापून येईपर्यंत थांबण्यासारखं ते नव्हतं, म्हणून त्यांच्याबद्दल काय करायचं ते मी तुम्हाला आधीच कळवलं आहे. तुमच्यासारखंच काम करणाऱ्या इतर ताईंसाठी ते इथे पुन्हा लिहिते.

पुरळ दिसायच्या चार दिवस आधीपासून ते दिसल्यावर चार दिवसांपर्यंत मूल दुसऱ्याला गोवर देऊ शकतं. म्हणजे घरच्यांना साधा सर्दी-ताप वाटत असतो तेव्हाच तो पसरायला लागलेला असतो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू हवेत राहू शकतो. ज्यांनी लस घेतलेली नाही आणि ज्यांना पूर्वी गोवर झालेला नाही, अशा जवळच्या दहा जणांत नऊ जणांना तो गाठतो. जिथे एका खोलीत सहा माणसं झोपतात तिथे “मुलाला वेगळं ठेवा” असं सांगून आपण फक्त आपलं समाधान करून घेतो. तिथे खरा उपयोग लशीचा. संपर्क आल्यापासून ७२ तासांच्या आत लस मिळाली तर आजार टळू शकतो, निदान सौम्य होऊ शकतो. सहा महिन्यांच्या आतली बाळं, गरोदर बायका आणि ज्यांची प्रतिकारशक्ती फारच कमी झाली आहे अशी माणसं, यांना ही लस देत नाहीत. त्यांना सहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, देता येतं. ते द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील, पण अशी माणसं त्या घरात आणि शेजारी आहेत हे डॉक्टरांना सांगणाऱ्या तुम्हीच.

ज्या मुलांना पुरळ आलंच आहे त्यांना अ जीवनसत्त्वाचे दोन डोस लागोपाठच्या दोन दिवशी मिळायला हवेत. गोवरात डोळे आणि जीव वाचवणारी ही साधी गोष्ट आहे आणि घाईगडबडीत नेमकी तीच राहून जाते. मूल जोरजोरात श्वास घेत असेल, सुस्त पडलं असेल, दूध-पाणी घेत नसेल, झटके येत असतील तर त्या घरात वही काढत बसू नका, मुलाला दवाखान्यात पोचवा. नोंद रात्री करता येते.

आता त्या आईचं.

ती जे म्हणाली ते खरं आहे. तिनं तुम्हाला सांगितलं आणि ते गल्लीभर झालं. तुम्ही नियमानं वागलात हेही खरं. पण तिची हजेरी बुडाली ती त्या नियमामुळेच. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला मी सरळ “नाही” असं उत्तर देऊन तुमची समजूत काढणार नाही. नाव विचारणं ही चहाडी नाही. नाव नसेल तर लस घेऊन परत कुणाकडे जाणार, त्याच्या शेजारी कोण झोपतं ते कसं कळणार, आठवड्यानं मूल बरं आहे ना हे कुणाला विचारणार? पण तेच नाव चाळीस जणांच्या फोनमध्ये पाठवणं हे रोग थांबवण्याच्या कामाचा भाग नाही. त्या चाळीस जणांपैकी त्या घरी जाणारं माणूस एखादंच असतं. बाकीच्यांना नाव कळून त्या मुलाला कणभर फायदा नव्हता.

तेव्हा ग्रुपवर काय जावं? पाहिलेली घरं किती, बंद घरं किती, ताप किती, पुरळ किती, जुलाब किती. एवढंच. प्रत्येक रुग्णाला एक क्रमांक द्या. क्रमांक आणि नाव यांची जोड दाखवणारी वही एकच असावी, ती कुलपात राहावी आणि तिची जबाबदारी एका माणसावर असावी. वहीच्या पानाचा फोटो काढणं आजपासून बंद. नाव गाळून “चौथ्या गल्लीतला सहा वर्षांचा मुलगा” असं लिहिलंत तरी दाट वस्तीत ते नाव लिहिल्यासारखंच असतं, हेही ध्यानात ठेवा. नकाशावर घराघरावर ठिपके देणार असाल तर तो नकाशा भिंतीवर लावू नका. बाहेरच्यांना दाखवायचा नकाशा वस्तीच्या पातळीवरचा असावा.

हा बदल झाल्यावर त्या आईकडे जा. आधी नको, कारण नुसत्या माफीनं तिचं काही भागणार नाही. वही पिशवीतच राहू द्या. “माझ्या यादीतून तुमचं नाव बाहेर गेलं. आता नावं अशी जाणार नाहीत, काय बदललं ते सांगायला आले आहे,” असं सांगा. तिला हवं असेल तर, आणि हवं असेल तरच, ती कामावर यायला हरकत नाही असं डॉक्टरांचं पत्र मिळवून द्या. तिला लहानपणी गोवर होऊन गेला असेल किंवा तिची लस पूर्ण असेल तर तिच्यापासून कुणाला धोका नाही, हे डॉक्टर तपासून लिहून देऊ शकतात. ती तुमच्याशी बोलली नाही तर तो तिचा हक्क आहे.

हे मी अधिकारानं लिहीत नाहीये. बऱ्याच वर्षांपूर्वी जुलाबाच्या एका साथीत मी स्वतः याहून वाईट चूक केली होती. पाण्यात क्लोरीन टाकणाऱ्या आणि औषध देणाऱ्या पथकाला घरं सापडत नव्हती, म्हणून ज्या ज्या घरात रुग्ण होते तिथे मी दारावर लाल रंगानं फुल्या मारायला लावल्या. संध्याकाळपर्यंत काम झरझर झालं आणि मी खूश होते. दुसऱ्या दिवशी सकाळी निम्म्याहून अधिक फुल्या घासून काढलेल्या होत्या. त्याच्या पुढच्या दिवशी काही रुग्ण घरातच नव्हते. नातेवाइकांनी त्यांना दुसऱ्या वस्त्यांत हलवलं होतं. आठवड्याभरात तिकडून जुलाबाचे रुग्ण यायला लागले. त्यातला प्रत्येक जण माझ्या फुलीमुळेच आजारी पडला असं मला सिद्ध करता येणार नाही. पण एका वस्तीतला रोग चार ठिकाणी न्यायला मी हातभार लावला, हे मला तेव्हाच कळलं होतं आणि ते मी विसरलेले नाही.

तुमचा दुसरा प्रश्न: याद्यांनी रोग थांबतो का?

साथरोगाच्या अभ्यासाची गोष्ट सांगताना सगळे १८५४ सालच्या लंडनपासून सुरुवात करतात. ऑगस्टच्या शेवटी सोहो भागात पटकी (कॉलरा) उसळली, सहाशेहून जास्त माणसं गेली. डॉक्टर जॉन स्नो यांनी मृत्यूंच्या नोंदी घेऊन ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाकडे बोट दाखवलं आणि ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला. इथवर बहुतेकांना माहीत असतं. मला तुम्हाला सांगायचंय ते त्याच भागातल्या हेन्री व्हाइटहेड नावाच्या तरुण पाद्र्याबद्दल. स्नोंचं म्हणणं त्याला पटलं नव्हतं. ते खोडून काढायचं म्हणून तो घरोघर फिरला. तिथली माणसं त्याच्या रोजच्या ओळखीतली होती, तो एकेका घरी पुन्हा पुन्हा जाऊ शकत होता. स्नोंच्या हाती मुख्यतः मेलेल्यांची यादी होती. व्हाइटहेडनं वाचलेल्यांनाही विचारलं की तुम्ही कुठलं पाणी प्यायलात. आणि विचारता विचारता त्यालाच पटलं की दोष त्या पंपाचाच आहे. पुढे त्याला ४० नंबरच्या घरातलं पाच महिन्यांचं बाळ सापडलं, ज्याला साथ उसळण्याच्या थोडंच आधी जुलाब सुरू झाले होते. आईनं त्याचे लंगोट धुतलेलं पाणी घरापुढच्या मैलाखड्यात ओतलं होतं. खणून पाहिल्यावर दिसलं की तो खड्डा पंपाच्या विहिरीपासून तीन फुटांच्याही आत होता आणि झिरपत होता.

त्या आईनं हे सांगितलं ते ओळखीच्या माणसाला. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं का, याची मला शंका आहे. आणि एक गोष्ट अजून, जी मला फार महत्त्वाची वाटते: दांडा काढला तेव्हा साथ आधीच ओसरत होती, कारण लोक घरं सोडून निघून गेले होते. म्हणजे त्या वेळी नोंदी उशिराच पोचल्या. तुमच्या नोंदी त्या मानानं फार लवकर पोचू शकतात, त्यांत खरं लिहिलेलं असेल तर.

आता अलीकडचं. २० जुलै २०१४ ला लायबेरियाहून विमानानं आलेला एक आजारी प्रवासी नायजेरियातल्या लागोस शहरात उतरला. त्याला इबोला होता. लागोस म्हणजे कोटीच्या वर वस्तीचं, दाटीचं शहर. तिथे तो फुटला असता तर काय झालं असतं याची कल्पना करवत नाही. रुग्णालयातल्या डॉक्टर स्टेला अडादेवोह यांनी दबाव असूनही त्या रुग्णाला बाहेर जाऊ दिलं नाही. पुढे त्या स्वतः इबोलानं गेल्या. त्यानंतर जे काम झालं ते तुमच्याच कामासारखं होतं. संपर्कात आलेली ८९४ माणसं शोधली आणि त्यांच्याकडे प्रत्यक्ष जाऊन सुमारे १८,५०० भेटी दिल्या. भागाकार करा, एकेका माणसाकडे सरासरी वीस भेटी होतात. इबोलाची लक्षणं दिसायला २१ दिवसांपर्यंत लागू शकतात, म्हणून इतके दिवस जात राहायचं. दुसऱ्या शहरात पोचलेले धरून एकूण २० रुग्ण झाले, त्यातले ८ दगावले, आणि २० ऑक्टोबरला देश इबोलामुक्त जाहीर झाला.

त्याच वर्षी, त्याच रोगासाठी, लायबेरियाच्या मोनरोव्हिया शहरात उलटं करून पाहिलं गेलं. २० ऑगस्टला वेस्ट पॉइंट ही दाट वस्ती एका रात्रीत चहूबाजूंनी बंद केली, रस्त्यांवर काटेरी तारा आल्या. लोक संतापले, गोळीबार झाला, एक पंधरा वर्षांचा मुलगा त्यात गेला. दहा-एक दिवसांत ती नाकेबंदी उठवावी लागली. पुढे तिथेही वस्तीतल्याच माणसांना सोबत घेऊन घरोघर रुग्ण शोधण्याचं काम सुरू झालं.

म्हणून माझं उत्तर असं आहे की यादीनं रोग थांबतो, पण ती यादी हातात घेऊन तुम्ही परत गेलात तर. एकदा विचारून, लिहून, पाठवून दिलेली यादी खरंच नुसता आकडा असतो, तुमची शंका रास्त आहे. दुसऱ्यांदा जाताना हातात काहीतरी असलं पाहिजे: लस, जुलाबाच्या रुग्णासाठी ओआरएसची पाकिटं, रक्त तपासणीचा निकाल, नाहीतर निदान “काल बाळ दूध घेत नव्हतं, आज घेतलं का?” एवढा प्रश्न. लोक आजार सांगतात तेव्हा मनात हिशेब असतो की सांगून आपल्याला काय मिळणार आणि काय जाणार. तुमच्या गल्लीत सध्या जाण्याचीच बाजू भरलेली आहे.

आता निरंकबद्दल. हा शब्द मी नोकरीत हजारो वेळा वाचला आणि काही वेळा लिहिलाही. निरंक म्हणजे मी पाहिलं आणि काही आढळलं नाही. दार बंद होतं, कुणी बोललं नाही, मी आत गेलेच नाही, यातलं काहीही निरंक होत नाही. तुमच्या वहीत आजच तीन रकाने आखा: घर पाहिलं, घर बंद, माहिती दिली नाही. साठ घरांपैकी बावीसच उघडली असतील तर बावीस लिहा. वर बसलेल्या माणसाला “पुरळ: शून्य” आणि “पुरळ: शून्य, पण ६० पैकी ३८ घरं पाहता आली नाहीत” यात फार मोठा फरक दिसतो. दिसला नाही तर तो त्याला दाखवायला हवा.

पुढे जेव्हा दारं उघडतील तेव्हा आकडा वाढेल. याची साहेबांना आधीच कल्पना देऊन ठेवा. बंद घरांचा रकाना कमी होतोय आणि रुग्णांचा वाढतोय असं एकाच वेळी दिसलं तर त्याचा अर्थ बहुधा असा की रोग आधीपासून होता, आपल्याला आता दिसतोय. उघडलेली घरं तेवढीच आणि रुग्ण मात्र वाढताहेत, तर रोग खरंच पसरतोय. रकाना नसेल तर या दोन्हींत फरकच करता येत नाही. साहेबांशी वाद घालत बसू नका. ते वाईट आहेत असं मला तुमच्या पत्रावरून वाटलं नाही, त्यांनाही वरून विचारणा होते. विचारणा झाल्यावर दाखवायला त्यांच्या हातात हा रकाना द्या. आणि शाळेतल्या तीन मुलांची बातमी त्यांना लेखी द्या, तारीख घालून, एक प्रत स्वतःकडे ठेवून. तुम्हाला माहीत असताना निरंक गेलं आणि उद्या एखादं मूल दगावलं, तर ते तुम्हाला आयुष्यभर छळेल. साहेबांनाही.

अजून एक रकाना, माझ्या मते सगळ्यात उपयोगी: त्रास कधी सुरू झाला. बहुतेक वह्यांत असते ती आपण गेलो त्या दिवसाची तारीख. त्यामुळे दर सोमवारी आकडा उसळतो, कारण रविवारी वही बंद असते, आणि कुणीतरी त्यावरून साथीचा अंदाज बांधत बसतं. सुरुवातीची तारीख विचारलीत तर चित्रच बदलतं. पटकीची लक्षणं काही तासांपासून पाच दिवसांत दिसतात. डेंग्यूची साधारण चार ते दहा दिवसांत. टायफॉइडची सहा दिवसांपासून महिन्यापर्यंत. गोवराचं पुरळ संपर्कानंतर साधारण दोन आठवड्यांनी. चाळीस जणांचे जुलाब दोन दिवसांत एकदम सुरू झाले असतील तर सगळ्यांनी एकाच जागचं काहीतरी पोटात घेतलंय. दोन, मग पंधरवड्यानं सात, मग पुन्हा पंधरवड्यानं वीस असं दिसलं, तर ते माणसाकडून माणसाकडे चाललंय. यासाठी संगणक लागत नाही. चौकटीच्या कागदावर एका रुग्णाला एक चौकट रंगवत गेलात तरी आकार दिसतो.

जुलाबाच्या वेळी गल्लीपेक्षा नळीप्रमाणे विचार करा. शेजारशेजारच्या दोन घरांचं पाणी वेगवेगळ्या नळीतून येत असतं आणि समोरासमोरच्या दोन गल्ल्यांचं एकाच. ज्या भागात पाणी काही तासच येतं तिथे पाणी बंद असताना नळीतला दाब पडतो, आणि सांध्यात फट असेल तर बाजूचं गटाराचं पाणी आत ओढलं जातं. म्हणून पाणी सुटल्यावरची पहिली धार तपासायला सांगा, आणि नळीच्या अगदी शेवटच्या घरातही क्लोरीन उरतं का ते बघा. लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम तरी हवं. क्लोरीन तपासायला कुणाचं नाव लागत नाही, दार उघडायची विनवणी करावी लागत नाही, आणि “तुमच्या पाण्यात आज काय निघालं” हे लोकांना सांगता येतं. डेंग्यूचंही तसंच. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा साठवणीची भांडी रिकामी करायची, आणि कडा घासायच्या, कारण तिथे चिकटलेली अंडी कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात. गल्लीतली चार मुलं हाताशी धरून हे केलंत तर तुमच्याकडे बघण्याची नजर थोडी बदलेल.

दारं बंद असली तरी रोगाचा माग काढायच्या वाटा असतात, त्याही वापरा. शाळेची तुम्हाला सापडलीच आहे. वर्गशिक्षिकेला रोगाचं नाव विचारू नका, तीन दिवसांहून जास्त गैरहजर मुलं किती एवढंच विचारा. औषधाच्या दुकानदाराला तापाच्या गोळ्या आणि ओआरएस अचानक जास्त जायला लागल्या का ते कळतं. वस्तीतल्या खासगी डॉक्टरांकडे, ते कुठल्याही पद्धतीचे असोत, लोक आपल्या आधी जातात. त्यांना आठवड्यातून एकदा भेटा. सांडपाण्यावरूनही बरंच कळतं. २०१३ मध्ये इस्रायलमध्ये एकाही मुलाला लकवा झालेला नसताना सांडपाण्यात पोलिओचा विषाणू सापडला आणि मुलांना लस देण्याची मोहीम वेळेत निघाली. पोलिओची लागण झालेल्या साधारण दोनशे जणांत एकालाच लकवा होतो, त्यामुळे लकव्याची वाट बघणं म्हणजे फार उशीर. अशी तपासणी तुमच्या हातात नाही, पण तुमच्या शहरात होत असेल तर तिचा निकाल तुमच्यापर्यंत पोचावा अशी मागणी बैठकीत जरूर करा. तुम्ही फिरता त्या भागात काय निघालं हे तुम्हालाच माहीत नसणं बरोबर नाही.

क्षयरोगाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी “बरेच दिवसांचा खोकला” हे शब्द पत्रात आहेत म्हणून थोडं लिहिते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल त्याची थुंकी तपासायलाच हवी. या आजारात नाव फुटण्याची भीती गोवरापेक्षा कितीतरी मोठी असते. लग्नं मोडतात, भाड्याची खोली जाते. आणि उपचार महिनोन्‌महिने चालतात, म्हणजे तुम्ही त्या घरी महिनोन्‌महिने दिसणार. दर वेळी एकाच घरासमोर थांबलात की गल्ली ओळखते. म्हणून जाताना शेजारच्या दोन-चार घरांतही जा, किंवा रुग्णाला विचारा की भेट कुठे झालेली बरी. योग्य औषधं नियमित सुरू झाली की बहुतेकांपासून दुसऱ्याला होणारा धोका काही आठवड्यांतच खूप कमी होतो, हे घरच्यांना एकदा तरी नीट बसून सांगा. ते कुणी सांगत नाही आणि मग माणसाचं ताट-वाटी वर्षभर वेगळं राहतं.

अकराशे घरं एका माणसाला जास्त आहेत, हेही मला म्हटलंच पाहिजे. रोज साठ-सत्तर घरं म्हणजे एका घराला पाच-सात मिनिटं, त्यात जिना चढणं आलं. इतक्या वेळात विश्वास बसत नाही, हा तुमचा दोष नाही. म्हणून सगळी घरं सारखी फिरू नका. ज्या गल्लीत दारं बंद आहेत तिला पुढचे दोन आठवडे जास्त वेळ द्या आणि जिथे लोक आपणहून हाक मारून सांगतात तिथला थोडा कमी करा. तसं करताय हे साहेबांना सांगून करा.

त्या गल्लीत शिरताना पहिलं दार त्या आईचंच ठेवा, भले तिच्याकडे आता रुग्ण नसला तरी. तिनं उघडलं तर मुलगा कसा आहे ते विचारा. गोवरानंतर कित्येक आठवडे मुलं इतर आजारांना लवकर बळी पडतात, तेव्हा विचारायला कारणही आहे. उघडलं नाही तर वहीत “बंद” लिहा आणि परवा पुन्हा जा.